चाळीस भोकं

आयुष्यभर मी पाणी बाहेर ठेवलं.
न्यूहेवनच्या धक्क्यामागे, माझ्या शेडमध्ये,
फळीला फळी भिडवली,
सांध्यात कापूस ठासला, वर डांबर ओतलं,
आणि होडी भरतीला उतरवली की
तळाशी कोरडा हात फिरवून
कोरडाच वर काढला.

थेल्मा कागद घेऊन आली. आंब्रोज पिलबीमची लेक.
परवाना वेगळा, मृत्यूचा दाखला वेगळा,
डॉक्टरची चिठ्ठी, की बापाला ताप नव्हता, संसर्ग नव्हता,
कॉरोनरला कळवलेलं, की हा देह इंग्लंडबाहेर जातोय.
'इंग्लंडबाहेर,' ती म्हणाली, 'चार-पाच मैलांवर!'
हसली, आणि नाक बाहीला पुसलं.
तीस वर्षं तो दिएपच्या फेरीबोटीवर स्वयंपाकी होता.
कांदा परतता परतता इंग्लंड सोडायचा,
कुणी चिठ्ठी मागितली नाही.

मी चष्मा लावून नियम वाचले.
लाकूड नरम. प्लास्टिक नको, शिसं नको, तांबं, जस्त नको.
देहात मसाला भरायचा नाही.
तळाला दोनशे किलो लोखंड नाहीतर काँक्रीट,
भोवती पोलादी पट्ट्या,
आणि भोकं. पन्नास मिलिमीटरची, चाळीस ते पन्नास,
बाजूंना, झाकणालाही,
म्हणजे पाणी झटकन आत येईल.

जाण्याबद्दल कायद्याचं काही म्हणणं नाही.
त्याला धास्ती आहे ती परत येण्याची:
एखाद्या मच्छीमाराच्या जाळ्यात,
किंवा सकाळी वाळूवर, कुणाच्या तरी कुत्र्यापुढे.
म्हणून देहाला एक पट्टी बांधायची, न कुजणारी,
तिच्यावर क्रमांक आणि अंत्यविधीवाल्यांचा फोन.
'माझा का नाही?' थेल्माने विचारलं.
म्हटलं, दुकानात फोन कुणीतरी उचलतंच.
'मीही उचलेन की,' ती म्हणाली.
यावर काय बोलणार?

निळा स्वेटर मात्र नाकारला गेला.
कपडे हलके हवेत, आणि हा तर ओला झाला की
दोन माणसांनी पिळावा असा.
थेल्माने तो माझ्या अंगावर धरून पाहिला, आणि ठेवून गेली.

ड्रिलला गोल करवत लावली.
पहिलं भोक पाडायला अर्धा तास गेला.
लाकडाने काही केलं नव्हतं, ते मऊच होतं.
दुसरं, तिसरं. नवव्यापाशी लक्षात आलं,
प्रत्येक कड मी कानसेने घासतोय, वर अंगठा फिरवतोय.
कुणाला टोचणार होती ती?
हिवाळ्यात आम्ही क्रिबेज खेळायचो,
भोकांच्या पाटीवर काड्या पुढे सरकवत,
तो माझ्याकडे बघून एखादं भोक जास्तच सरकवायचा.
सांगून सवरून लबाड.
चाळिसाव्याला थांबलो. कायद्यात पन्नास बसत होती.
दहा त्याच्या नावावर बाकी.

बुधवारी वारा पडला.
सहा माणसांनी फळी उचलली, पेटी सरकली,
कप्तानाने घड्याळ पाहून वहीत काहीतरी लिहिलं.
बुडबुडे मात्र बराच वेळ येत राहिले,
कधी एका बाजूने, कधी दुसऱ्या,
एवढ्याशा पेटीत इतकी हवा कुठून,
असं थेल्मा कुणालाच न विचारता म्हणाली.
मी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. त्याला अजून कांद्याचा वास येतो.

शेडमध्ये बिस्किटांच्या डब्यात
करवतीने कापलेल्या पाइनच्या चकत्या आहेत.
एक थेल्माने नेली. एकोणचाळीस उरल्या.
प्रत्येक चकती कुठल्या भोकाची, ते मी अजून सांगू शकतो.
बाजूलाच सरसाचं भांडं आहे.
काल रात्री मी ते गरम करायला ठेवलं,
मग दिवा लावून बसलो,
आणि कशासाठी ठेवलं, ते आठवेपर्यंत
सरस भांड्याला लागला होता.